वही एक, आवृत्त्या चार : आपल्या नोंदी नेमक्या कुणाच्या हातात आहेत?

चळवळीतल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, "तुमच्या नोंदी कुठे आहेत?" पंधरा-वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. कपाटात आहेत, पिशवीत आहेत, विहाराच्या ट्रंकेत आहेत. आज उत्तर येते, "मोबाईलमध्ये आहेत", "लॅपटॉपवर आहेत", "वननोटमध्ये आहेत". पुढचा प्रश्न विचारला की, "कोणत्या वननोटमध्ये?", तर समोरचा गोंधळतो. वननोट म्हणजे वननोट, त्यात कोणते काय?

हा प्रश्न किरकोळ तांत्रिक वाटतो. "महागाई, बेरोजगारी, अत्याचार, आरक्षण हे प्रश्न सोडून तुम्ही सॉफ्टवेअरवर काय लिहिता?" असे आम्हाला काही मित्रांनी विचारलेही. आमचे म्हणणे असे आहे की, अत्याचाराची केस असो, शिष्यवृत्तीचा पाठपुरावा असो की इतिहासाचे संकलन असो, या प्रत्येक कामाचा पाया नोंद आहे. ती नोंद कुठे आहे, कोणती खरी आहे आणि उद्या उघडेल की नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याची बाजू कितीही न्यायाची असली तरी कागदावर ती लंगडी पडते.

आधी गोंधळ समजून घेऊ. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे वननोट हे नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर २००३ साली बाजारात आले. मार्च २०१४ मध्ये कंपनीने ते फुकट केले आणि विद्यार्थ्यांमध्ये त्याचा प्रसार वाढला. इथपर्यंत सगळे ठीक होते. २०१५ मध्ये विंडोज १० आले आणि त्याच्यासोबत वननोट नावाचेच एक वेगळे अ‍ॅप आपोआप संगणकावर येऊन बसले. त्याच वर्षी ऑफिस २०१६ सोबत वननोट २०१६ हे डेस्कटॉप सॉफ्टवेअरही आले. म्हणजे एकाच लॅपटॉपवर एकाच नावाची, जांभळ्या रंगाच्याच चिन्हाची दोन सॉफ्टवेअर शेजारी शेजारी. शिवाय ब्राउझरमध्ये उघडणारे वननोट तिसरे आणि मोबाईलवरचे चौथे.

नाव एक असले तरी या चौघांचे वागणे एक नाही. ऑफिससोबत येणाऱ्या डेस्कटॉप वननोटमध्ये वही आपल्या स्वतःच्या संगणकावर, आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि पूर्ण वही एका फाईलमध्ये बांधून बाहेरही काढता येते. विंडोज १० च्या अ‍ॅपमध्ये या दोन्ही सोयी नव्हत्या. त्यातली वही वनड्राइव्हवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच राहणार. वापरणाऱ्याला मात्र दोन्हीकडे तशीच पाने, तसेच विभाग, तशाच वह्या दिसतात. फरक कळतो तो गरज पडल्यावर, म्हणजे फार उशिरा.

पुढची गंमत पाहा. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले की वननोट २०१६ ही डेस्कटॉपची शेवटची आवृत्ती असेल आणि यापुढे विंडोज १० चे अ‍ॅप हेच भविष्य. ज्यांनी ते ऐकले त्यांनी नवे अ‍ॅप धरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने शब्द फिरवला आणि डेस्कटॉप आवृत्ती चालू राहील असे सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये तिसरी घोषणा झाली : दोन्हींचे एकच वननोट होणार आणि त्याचा पाया डेस्कटॉप आवृत्ती असणार. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या वननोट अ‍ॅपचा आधार संपला आणि ते फक्त वाचण्यापुरते उरले. त्याच दिवशी ऑफिस २०१६ चा आणि खुद्द विंडोज १० चाही आधार संपला. २०१८ मध्ये ज्याला "भविष्य" म्हटले गेले, ते साडेसात वर्षांत भूतकाळात जमा झाले.

आवृत्तीच्या क्रमांकानेही फरक कळावा अशी सोय नाही. ऑफिस २०१६, २०१९, २०२१ या सगळ्यांचा आतला मुख्य क्रमांक १६ हाच राहिला. म्हणजे एक कार्यकर्ता म्हणतो, "माझ्याकडे १६ आहे", दुसरा म्हणतो, "माझ्याकडेही १६ आहे", आणि तरीही दोघांकडे वेगळी वर्षे, वेगळ्या सोयी असू शकतात.

यात कुणाचा मनुवादी कट आहे असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक गोष्टीत कट शोधण्याची सवय चळवळीला विचार करू देत नाही. हा बाजाराचा हिशेब आहे. कंपनी आपले उत्पादन कोणत्या दिशेने न्यायचे हे तिच्या सोयीने ठरवते, चुकले तर पुन्हा फिरवते. पण त्या फिरवाफिरवीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत, आणि आमचा मुद्दा तिथे सुरू होतो.

ज्याच्या कार्यालयात संगणक विभाग आहे, त्याच्या वह्या कुणीतरी दुसरा माणूस नव्या आवृत्तीत हलवून देतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्याला विचारायला भाऊ, काका, मावशी असतात. आपला कार्यकर्ता बहुधा घरातला पहिला पदवीधर असतो. त्याचा लॅपटॉप सेकंडहँड असतो. त्यावर विंडोज १० असते आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही, कारण विंडोज ११ ला ठराविक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख श्रीमंताच्या लॅपटॉपसाठी एक सूचना होती, आणि आपल्या लॅपटॉपसाठी ती वहीसकट दप्तर हलवण्याची नोटीस होती. तंत्रज्ञान सर्वांना समान आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता आवृत्तीपेक्षाही जास्त फसवा भाग, खाते. वननोटची वही ज्या खात्याने उघडली, त्या खात्याच्या वनड्राइव्हवर ती राहते. खाते वैयक्तिक असेल तर वही तुमची. खाते कॉलेजने किंवा संस्थेने दिलेले असेल, तर त्या खात्याची किल्ली संस्थेच्या हातात असते. आमच्या अभ्यास मंडळात हा अनुभव आम्ही घेतला आहे. मंडळाने मराठवाड्यातील नामांतर लढ्याच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, त्यानंतर गावोगाव आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मोठ्या घटना पुस्तकांत आल्या आहेत. पण कोणत्या घरातून कोण कुठे पळाले, लेकरे कुणी लपवली, परत आल्यावर विहिरीवर काय झाले, हे ज्यांना माहीत आहे ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

मंडळातल्या एका ताईने आपल्या गावातल्या एका आजींशी चार बैठकी करून बोलणे नोंदवले. लॅपटॉप कॉलेजच्या खात्यावर चालत होता, कारण अभ्यासासाठी कॉलेजनेच ते खाते दिले होते आणि सगळे विद्यार्थी तेच वापरत होते. ताईची पदवी झाली. काही महिन्यांनी कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांची खाती बंद केली. वही गेली. ताईने कॉलेजात तीन चकरा मारल्या. "नियमाप्रमाणे खाते काढले आहे," एवढेच उत्तर मिळाले. तोवर आजी गेल्या होत्या.

पूर्ण गेले असे नाही. ताईला बैठकीत बसल्या बसल्या साध्या वहीत पेन्सिलीने मुद्दे टिपायची सवय होती. त्या वहीतली सव्वीस पाने शिल्लक राहिली. त्यात नावे आहेत, क्रम आहे, पण आजींचे शब्द नाहीत. "त्या रात्री आम्ही उसात बसलो" हे वाक्य आजी ज्या तऱ्हेने सांगत, ते आता फक्त ताईच्या कानात आहे. आम्ही ताईला तेही लिहून काढायला लावले, वर स्पष्ट नोंद करून, की हे नंतर स्मरणाने लिहिलेले आहे.

ही शेवटची नोंद महत्त्वाची का, ते सांगतो. आवृत्तीचा गोंधळ हा सॉफ्टवेअरपुरता नाही. मूळ कोणते, प्रत कोणती, नंतर लिहिलेले कोणते, हे सांगता येणे म्हणजेच पुराव्याची विश्वासार्हता. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ खालील प्रकरणांत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे सांगायला नको. फिर्यादीतली वेळ एक, कार्यकर्त्याने बनवलेल्या अहवालातली वेळ दुसरी आणि मोबाईलवरच्या नोंदीतली तिसरी, एवढ्यावर आरोपीचा वकील उलटतपासणीत फिर्यादीला हैराण करतो. तिन्ही नोंदी प्रामाणिक असू शकतात. पण पहिली कोणती आणि दुरुस्त केलेली कोणती हे कुणालाच सांगता आले नाही, तर प्रामाणिकपणा उपयोगी पडत नाही.

या बाबतीत बाबासाहेबांची शिस्त आपण नीट पाहिलेली नाही असे आम्हाला वाटते. आपण त्यांचे विचार घेतो, त्यांची काम करण्याची पद्धत मात्र बाजूला ठेवतो. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' चे उदाहरण घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला काही मजकूर गाळून हवा होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले, परिषद रद्द झाली आणि १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात गांधींनी केलेली टीका आणि त्यावरचे स्वतःचे उत्तर त्यांनी परिशिष्ट म्हणून जोडले आणि तसे सांगितले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांना त्यात 'कास्ट्स इन इंडिया' हा जुना निबंध मिसळून नवी मांडणी करायची होती. वेळ मिळाला नाही. तेव्हा त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले की ही दुसऱ्या आवृत्तीचेच पुनर्मुद्रण आहे. म्हणजे काहीच बदलले नाही, हेसुद्धा वाचकाला सांगितले. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाचे पुढच्या आवृत्तीत नाव बदलले, नवा भाग आला, तेव्हाही प्रस्तावनेतून त्यांनी त्याचा हिशेब दिला. एक माणूस कंदिलाच्या आणि टंकलेखन यंत्राच्या काळात हे पाळतो, आणि जगातली मोठी कंपनी दोन वेगळ्या सॉफ्टवेअरना एकच नाव देते.

याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये चरित्र साधने प्रकाशन समिती स्थापन केली आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड बाहेर आला. वसंत मून यांनी या कामात आयुष्य घातले. 'रेव्होल्युशन अँड काउंटर-रेव्होल्युशन' सारखे लेखन संपादकांना सुट्या टंकलिखित पानांवरून जुळवावे लागले. कोणते प्रकरण अपुरे आहे, किती पाने मिळाली, हाताने केलेल्या दुरुस्त्या कुठे आहेत, अशा नोंदी त्यांनी खंडांत दिल्या. आज आपण ते खंड दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर रांगा लावून विकत घेतो. पण हरवलेली पाने हरवलेलीच राहिली.

आणि एक प्रस्तावना वेळेवर समोर न आल्याने काय होते, हेही आपण पाहिले आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये प्रकाशित झाला, पण बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेली त्याची एक प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. त्या प्रस्तावनेत त्यांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकर यांचे कृतज्ञतेने स्मरण केले होते. इकडे माईसाहेबांवर संशयाची राळ उडत राहिली. ती पाने ग्रंथासोबतच घराघरांत पोचली असती, तर त्या वादाचे स्वरूप वेगळे राहिले असते असे आम्हाला वाटते. कोणती आवृत्ती लोकांच्या हातात आहे, हा प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेपर्यंत जातो तो असा.

म्हणून आम्ही आमच्या मंडळात काही नियम केले आहेत. ते कुणावर लादायचे नाहीत, पण तरुण मित्रांनी ते तपासून पाहावेत.

१) आधी ओळखा. वननोट उघडल्यावर वर डाव्या बाजूला 'फाईल' हा टॅब दिसला तर ते डेस्कटॉप सॉफ्टवेअर. तो नसेल आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर विंडोज १० साठीचे वननोट असे नाव असेल तर ते बंद झालेले अ‍ॅप. ते काढून टाकण्याआधी त्यातली प्रत्येक वही सिंक झाली आहे का ते पाहा. सिंक न झालेली पाने फक्त त्याच संगणकावर असतात. अ‍ॅप काढले की तीही जातात.

२) खाते कुणाचे ते लिहून ठेवा. चळवळीची कोणतीही वही कॉलेजच्या, कंपनीच्या किंवा सरकारी खात्यावर ठेवायची नाही. सामायिक वही असेल तर मालक कोण, हे मंडळाच्या रजिस्टरमध्ये नोंदवायचे. मालकाने वही काढली तर ती सगळ्यांचीच जाते.

३) महिन्यातून एकदा वही बाहेर काढा. डेस्कटॉप आवृत्तीत 'एक्सपोर्ट' आहे. वहीची एक मूळ प्रत आणि एक पीडीएफ, दोन्ही पेनड्राइव्हवर. पीडीएफ कोणत्याही कंपनीच्या परवानगीशिवाय उघडते.

४) महत्त्वाची साक्ष, घटनाक्रम, तारखा साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आणि युनिकोड मराठीतच. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आपली कितीतरी पत्रके आज उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो धडा पुरेसा आहे. ज्यांना अ‍ॅपच हवे त्यांनी जॉप्लिन पाहावे. ते मुक्त स्रोत आहे. ऑब्सिडियन मुक्त स्रोत नाही, पण नोंदी आपल्या संगणकावर साध्या फाईलमध्येच ठेवते.

५) प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर चार ओळी : कुणी सांगितले, कुणी लिहिले, केव्हा लिहिले, ही कितवी दुरुस्ती. दुरुस्ती केली तर जुनी फाईल पुसायची नाही. नव्या फाईलच्या नावात तारीख घालायची. 'फायनल', 'फायनल नवी', 'एकदम फायनल' ही नावे बंद.

६) आणि कागद सोडायचा नाही. सव्वीस पाने वाचली ती कागदामुळे.

यावर एक आक्षेप येतो : "फुकट मिळते तर तक्रार कशाला? एव्हरनोट वापरा, दुसरे काही वापरा." अ‍ॅप बदलणे हे उत्तर नाही. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्यावर ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. वनड्राइव्हची फुकट जागा आधी १५ जीबी होती, ती २०१६ मध्ये ५ जीबी केली गेली. फुकट म्हणजे उद्याही मिळेल याची हमी नाही. आम्ही स्वतः आजही वननोट वापरतो, त्याची सोय आम्हाला मान्य आहे. पण सोय वापरणे वेगळे आणि आपला दस्तऐवज तिच्या स्वाधीन करणे वेगळे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काही ज्येष्ठ म्हणतात, "आमच्या पिढीने तर काहीच लिहून ठेवले नाही, तरी चळवळ चालली." खरे आहे, चालली. शाहिरांच्या वह्यांवर, माणसांच्या पाठांतरावर, जलशांवर चालली. पण त्या पिढीतले किती शाहीर आज नावानिशी माहीत आहेत? किती गाणी "पारंपरिक" म्हणून दुसऱ्यांच्या नावावर खपली? लिहून न ठेवण्याची किंमत त्याच पिढीने मोजली आहे. शिक्षणाचा हक्क मिळवून दोन-तीन पिढ्या झाल्यावरही आपण नोंदीच्या बाबतीत बेफिकीर राहिलो, तर पुढच्यांना आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलेच वाचावे लागेल.

मंडळाचे काम चालू आहे. आणखी अकरा जणांच्या बैठकी बाकी आहेत, त्यातले दोघे आजारी आहेत. हा लेख वाचणाऱ्या तरुण मित्रांना विनंती एवढीच आहे की, आज रात्री आपला लॅपटॉप उघडा, आपली वही कोणत्या आवृत्तीत आहे, कोणत्या खात्यावर आहे ते पाहा आणि तिची एक प्रत बाहेर काढा. आपल्या वस्तीत ज्या आजी-आजोबांनी १९७८ पाहिले आहे, त्यांच्याकडे या रविवारी जाऊन बसा. जाताना मोबाईल न्या, आणि एक वही व पेनही न्या.

जय भीम!